बाद केलेली वचनं

४ सप्टेंबर, सोमवार

दादाचा हुकूम आला : आईची साखर रोज लिहून ठेव. म्हणून ही वही आणली. डाव्या पानावर साखर, ताप, जखमेचा रंग. उजवं पान कोरं राहणार होतं, ते मी माझ्यासाठी घेतलं. दादा विमानाने सात तास लांब राहतो आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकतो. "तिच्या पायाला जरा हवा लागू दे," म्हणाला. पाय त्याने पाहिलेला नाही.

उपाशीपोटी २८६. पंधरा दिवसांपूर्वी आई गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपली. पायाला काही कळतच नाही, तर भाजल्याचं कुठून कळणार? उजव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्हींवर फोड. सकाळी मीच पाहिले. "मला मुळीच दुखलं नाही गं," असं जणू बक्षीस मिळाल्यासारखं सांगत होती.

घरातला क्रम ठरलेला : आधी वचन, मग सुई, मग चहा. वचनपेटी म्हणजे पत्र्याचा चौकोनी डबा. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात काम नव्हतं, तेव्हा उरलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून त्यांनी देवाची दीडशे अभिवचनं आपल्या देखण्या अक्षरात लिहून काढली. बाबा जाऊन आठ वर्षं झाली. आई रोज डोळे मिटून एक पट्टी काढते. वाचते मी, कारण मोतीबिंदूमुळे तिला अक्षर दिसत नाही.

आज निघालं : या जगात तुम्हाला क्लेश होणारच. पुढे धीर धरायला सांगितलंय, पण तोपर्यंत माझाच धीर सुटला होता. आई मान डोलावत म्हणाली, "बघ, त्याने आधीच सांगून ठेवलंय." चहा थंड झाला.

५ सप्टेंबर, मंगळवार

२९१. आज गवत सुकतं आणि फूल कोमेजतं. घरात आधीच मलमाचा वास, त्यात ही गवतं. आईने अर्धाच टोस्ट खाल्ला आणि दिवसभर खिडकीकडे तोंड करून बसली. मी म्हटलं, "आई, काहीतरी बरं काढ की." म्हणाली, "मी काढत नाही, तो देतो."

कारखान्यात आज मोज्यांचे चारशे जोड तपासले. बाद सव्वीस.

६ सप्टेंबर, बुधवार

आज मी एक काम केलं. लिहावं की नाही असा विचार करत होते, पण दादा ही वही वाचायला काही येत नाही.

सकाळी निघालेली पट्टी म्हणत होती की तू पाण्यातून जाशील, आगीतून जाशील. तो बरोबर असेल, हे खरं. पण जायचं पाण्यातूनच आणि आगीतूनच. आईने सूप सरकवून दिलं. मग ती अंघोळीला गेली (अंघोळ म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी पायाला बांधून, खुर्चीवर बसून, एक तास), तेव्हा मी पेटी घेऊन बसले.

मोजे तपासणं हे माझं एकवीस वर्षांचं काम. लाकडी पायावर मोजा चढवायचा, फिरवायचा, टाका सुटलेला दिसला की बाद. हात आपोआप चालतो. वीस मिनिटांत क्लेश, अश्रू, मृत्यूची दरी, वधस्तंभ उचलणं, काट्यांचं दुखणं अशा एकेचाळीस पट्ट्या बाजूला काढल्या. सगळ्या शिवणयंत्राच्या खणात ठेवल्या. गंमत म्हणजे नेमक्या त्याच पट्ट्या मळक्या होत्या. एकीवर मेणाचा डाग, एक तेलकट, एकीचा कोपरा कुणीतरी चावलेला. राहिलेल्या बहुतेक कोऱ्या करकरीत. म्हणजे पेटीची सफाईही झाली.

वाचताना सरळ भलतंच वाचलं असतं तर एवढी खटपट वाचली असती. पण देवाचं वचन खोटं वाचणं मला जमायचं नाही. तेवढी भीती आहे मला.

८ सप्टेंबर, शुक्रवार

२४०! काल आनंद निघाला, आज शांती. आईने अख्खं अंडं खाल्लं आणि शेजारणीला हाक मारून तिच्या पडद्यांची चौकशी केली. दादाला आकडा सांगितला. "हवेचा परिणाम," म्हणाला.

९ सप्टेंबर, शनिवार

चांगलं चाललंय तर आणखी चांगलं का चालू नये? पुन्हा छाननी केली. या वेळी वाईट काढली नाहीत, चांगल्यातली अधिक चांगली ठेवली. तो तुला बरं करील, तुझ्या जखमा बांधील, तुझं तारुण्य परत येईल, थकलेल्याला जोर मिळेल, या जातीची तेहतीस. बाकी सगळं खणात.

संध्याकाळी आईने पेटी हातात घेतली आणि म्हणाली, "हलकी लागतेय का गं?"

"तुझ्या हातात ताकद आलीय," मी म्हटलं.

हे खोटं नाही. अंदाज आहे.

११ सप्टेंबर, सोमवार

कालही बरं करीन, आजही बरं करीन. आईचा चेहरा दिव्यासारखा. अशा चेहऱ्याने आम्ही सर्जनबाईंकडे गेलो.

बाईंनी पायाची पट्टी सोडली. आणि भिंग जवळ ओढलं. करंगळी काळी पडली होती. मी रोज पाहते, मला ती जांभळी वाटत होती. डाव्या पानावर मी आठ दिवस 'जांभळी' लिहिलंय.

"आजी," बाई म्हणाल्या, "दोन बोटं द्यावी लागतील. परवा बुधवारी करू. लांबवलंत तर मी किती वर जाईन ते मला आज सांगता येणार नाही. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, किंवा विष रक्तात गेलं तर माझ्या हातात काहीच नाही."

"विचारून सांगते," आई म्हणाली.

"कुणाला विचारणार? आजोबांना?"

"ते त्याच्याचकडे आहेत. पण मी थेट विचारते."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे पाहिलं.

१२ सप्टेंबर, मंगळवार

तिने विचारलं. उत्तर मी तिच्यासाठी तेहतीस प्रतींत आधीच तयार ठेवलं होतं.

पट्टी निघाली : तुझं आरोग्य मी तुला परत देईन. वाचताना माझा आवाज कापला. आईला वाटलं भक्तीने कापला.

"झालं तर मग," ती म्हणाली. "उद्या जायचं नाही."

"आई, करंगळी काळी आहे."

"मला दिसत नाही."

"मला दिसते ना!"

"तुला पाय दिसतो, मला वचन मिळालंय. तीन दिवस, रोज. पन्नास वर्षांत तो माझ्याशी असा कधी बोलला नाही. आता त्याला खोटं पाडू?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी दादाला फोन केला. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तिच्या श्रद्धेचा आदर कर, पण ऑपरेशन झालंच पाहिजे." मी विचारलं, म्हणजे नक्की काय करू? म्हणाला, "समतोल साध." फोन ठेवला मी.

रात्रभर पेटीचा विचार डोक्यात होता. सांगावं, तर इतकी वर्षं ज्या एका गोष्टीवर ती उभी आहे तीच आपण हलवली, हे तिच्या तोंडावर सांगायचं. न सांगावं, तर पाय जाणार. तरी सांगितलं नाही. चर्चच्या पाळकांना बोलवायचं ठरवलं. माणूस दुसऱ्याच्या तोंडून खरं बाहेर येईल अशी वाट पाहतो, तसं.

१३ सप्टेंबर, बुधवार

ऑपरेशनची वेळ अकराची होती. अकरा वाजता आई भाजी निवडत होती.

पाळक चार वाजता आले. तरुण माणूस, बुटांच्या नाड्या सोडायला फार वेळ लावतो. दारातच मी त्यांना सांगितलं, "तिला समजावा. देव डॉक्टरांच्या हातूनही काम करतो, असं काहीतरी सांगा." ते म्हणाले, "अगदी, अगदी."

मग आईने त्यांना चार दिवसांची चार वचनं तोंडपाठ म्हणून दाखवली, क्रमाने. पाळकांनी कप खाली ठेवला.

"सलग चार दिवस?" ते म्हणाले. "एकाच अर्थाची? दीडशेतून?"

"दीडशेतून," आई म्हणाली.

"बहीणबाई, हे चिन्ह आहे!" त्यांनी माझ्याकडे वळून सांगितलं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी मदतीला बोलावलेला माणूस! भीक नको पण कुत्रं आवर अशी गत. निघताना म्हणाले, रविवारी उपासनेत आजींची साक्ष ठेवतो, देवाने काय केलं ते सगळ्यांपुढे सांगू दे, आजच कार्यक्रमपत्रिका छापायला टाकतो.

"निदान डॉक्टरांचं काय ते..." मी म्हटलं.

"त्यासाठी प्रार्थना करू," ते म्हणाले आणि पुन्हा नाड्या बांधायला बसले.

१४ सप्टेंबर, गुरुवार

पहाटे उठून खणातल्या सगळ्या एकशे सतरा पट्ट्या पेटीत परत घातल्या. कडू होत्या त्या सगळ्यात वर, अगदी हाताला लागतील अशा. आई उठली. प्रार्थना केली. पेटीत हात घातला, आणि आज काय मनात आलं कुणास ठाऊक, थेट तळाशी बोटं नेली.

'तुझं बळ गरुडासारखं नवं होईल.'

देवा, तू नक्की कुणाच्या बाजूने आहेस? हे मी मोठ्याने म्हणाले नाही, पण भांडी मोठ्याने आपटली.

कारखान्यात माझ्या शेजारी जी तपासायला बसते तिला आम्ही सगळ्याजणी चष्मेवाली म्हणतो. ती ना आमच्या चर्चची, ना कुठल्याच. जेवणाच्या सुट्टीत तिला सगळं सांगून टाकलं. कुणालातरी सांगायलाच हवं होतं. तिने चष्मा पुसला.

"म्हणजे तू मापात पाप केलंस."

"मी चांगल्यासाठी केलं."

"वाणीही तेच म्हणतो. गिऱ्हाइकाला ओझं कमी व्हावं म्हणून." मग म्हणाली, "एक विचारू? तुझी आई रोज ती कडू कडू का काढायची?"

"ती काढत नाही, देव देतो."

"बरं. मग ती पेटी इतकी वर्षं फेकून का नाही दिली तिने?"

तिला काय, डब्यातलं खाता खाता प्रश्न विचारायला काय जातं.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

ताप १०१. खोलीत वास. मलमाचा नाही, दुसरा. मी कामावर गेले नाही. आज वचन काढायच्या आधीच पेटी तिच्या हातातून घेतली.

"आई, मला काहीतरी सांगायचंय."

"दूध ओतू घालवलंस?"

"नाही. मी पेटीतल्या पट्ट्या काढल्या होत्या. वाईट होत्या तेवढ्या. मग चांगल्यातल्याही काढल्या. फक्त बरं करीन म्हणणाऱ्या ठेवल्या. चार दिवस त्यात दुसरं काही नव्हतंच. काल परत घातल्या, पण..."

मला वाटलं आता रडेल. मी मनात वाक्यं जुळवत होते, तू खात नव्हतीस, तू खिडकीकडे तोंड करून बसायचीस, मला बघवत नव्हतं. सगळी खरी होती, पण एकही बाहेर येईना.

"वाईट म्हणजे कुठल्या?" तिने विचारलं.

"क्लेशांच्या. दरीच्या. पाण्यातून जाण्याच्या."

"आण इकडे."

मी पेटी पालथी केली आणि त्या एकेचाळीस वेचून तिच्या मांडीवर ठेवल्या. तिने डोळे उघडलेसुद्धा नाहीत. बोटांनी एकेक चाचपायला लागली.

"ही मेणाची. तुझे बाबा अतिदक्षता विभागात होते, घरी दिवे गेले होते, मी मेणबत्ती धरून वाचत होते. ही तेलाची. तुझा कारखाना बंद पडला होता त्या वर्षाची. हिचा कोपरा तुझ्या दादाने चावलाय, दात येत होते मेल्याला." मग एक पट्टी तिने नुसती धरून ठेवली. चारही कडा झिजून गोल झाल्या होत्या. "ही तुझ्या आधीच्या बाळाची."

त्या बाळाबद्दल मी आयुष्यात दोनदाच ऐकलंय.

"हिच्यावर काय आहे?" ती म्हणाली.

मी वाचलं. मृत्यूच्या छायेच्या दरीतून चालताना तो बरोबर आहे, ते.

"वाईट आहे हे?"

"दरी आहे ना त्यात," मी म्हटलं. माझा आवाज मलाच लहान मुलीसारखा वाटला.

"दरी काय, त्याने लिहिलीय म्हणून येते का? ती येतेच. तो बरोबर असतो एवढंच त्यात नवीन आहे. कामाचं तेवढं सगळं काढलंस आणि मला आठवडाभर नुसतं गोड चारलंस! मधुमेहाच्या बाईला!" इथे ती हसली की काय मला कळलं नाही, कारण लगेच म्हणाली, "मी घाबरले होते गं."

"तू? तुझा चेहरा तर..."

"चेहऱ्याचं सोड. रोज बरं करीन, बरं करीन. आणि मी आहे हे एकदाही नाही. मला वाटलं, याचा आवाज असा का येतोय? अनोळखी माणूस गोड बोलतो तसा. पण वचन त्याचं. नाही कसं म्हणणार?"

"मग ती बरं करण्याची वचनं खोटी?"

"खोटी कशी असतील? बरं तो करणारच. इथे, नाही तर तिथे. कधी आणि कुठल्या पायावर ते त्याने सांगितलेलं नाही. ते तू सांगितलंस." मग पट्ट्या सारख्या करत म्हणाली, "त्या बाईला फोन लाव. आणि माझ्याशी आज बोलू नकोस."

फोन लावला. उद्या सकाळी आठ.

१६ सप्टेंबर, शनिवार

रुग्णालयात पाळक आमच्या आधी हजर. हातात छापलेल्या कार्यक्रमपत्रिकांचा गठ्ठा. 'विशेष साक्ष' असं मधोमध, ठळक. त्यांना आईने चाकाच्या खुर्चीतूनच सगळं सांगितलं, माझ्यादेखत, काही न गाळता. त्यांचे कान लाल झाले. 'हे चिन्ह आहे' असं सांगून गेलेला माणूस, बिचारा तोंडघशी पडला. पण एक मानलं पाहिजे. तो खाली बसला, आईच्या खुर्चीएवढा खाली, आणि म्हणाला, "आजी, मीही तुमच्या पायाकडे पाहिलं नव्हतं. मला माफ करा."

"केलं. आता पत्रिका वाया घालवू नका. साक्ष होऊ दे. हिला उभी करा."

"आई!"

"मी काही उद्या येऊ शकत नाही. आणि माहिती तुला जास्त आहे."

तिला आत नेलं. पेटी न्यायला तिने बंदी केली होती, म्हणून माझ्या हातात काहीच नव्हतं. बाहेर लोखंडी बाकं, भिंतीवर शांतता राखा, एक बंद घड्याळ. पाऊण तास म्हणाले होते. दोन तास झाले. मला प्रार्थना करायची होती आणि तिला बरं कर असं म्हणायची माझी हिंमत होईना. ते शब्द मी आठ दिवसांत इतके वापरले होते की माझ्याच तोंडात ते बाद झाले होते. शेवटी जे आलं ते भांडणच होतं. 'तू बरोबर राहीन म्हणालास. एकदा नाही, एकेचाळीस वेळा म्हणालास. मी लपवलं तरी तू म्हणालायस. तर आता आत जा. ती आत एकटी आहे. मला काही दाखवू नकोस, चिन्ह नको, नुसता आत जा.'

काही झालं नाही. घड्याळ बंदच होतं. फक्त जरा वेळाने लक्षात आलं की मी दाराकडे बघायची थांबले आहे, आणि आपल्या जागी कुणीतरी दुसरं जागं आहे म्हटल्यावर पाठ टेकावी तशी मी पाठ टेकली आहे. हे नीट लिहिता येत नाही. थकवाही असेल.

सर्जनबाई बाहेर आल्या. पाचही बोटं आणि पुढचा अर्धा पंजा गेला. टाच वाचली, घोटा वाचला, आई वाचली.

"बुधवारी आलो असतो तर?" मी विचारलं.

त्यांनी टोपी काढली. "बहुधा दोनच. नक्की सांगता येत नाही."

बहुधा दोनच. डाव्या पानावर लिहायला जागा आहे, पण तिथे नाही लिहीत. इथेच लिहिते.

१७ सप्टेंबर, रविवार

चर्चमध्ये उभी राहिले. माईक फार उंच होता, खाली करता येईना, म्हणून टाचा वर करून बोलले. बोलणं तीन मिनिटं चाललं असेल. मी म्हटलं, मी मोजे तपासते. कुणीतरी हसलं. मग म्हटलं की सवयीने मी वचनंही तपासली आणि सुटलेला टाका समजून धागाच कापला. आईला या आठवड्यात बरं करीन असं देव म्हणाला नव्हता, ते मी म्हणाले होते, त्याच्या आवाजात. त्याची किंमत तिच्या पायाने दिली. तो काय म्हणाला होता ते तिला पाठ होतं आणि मला वाचूनही माहीत नव्हतं.

मग पुढे काय बोलायचं ते आठवेना, आणि मी खाली बसले. आमेन म्हणायचं राहिलं.

एका म्हातारबांनी बाहेर गाठून विचारलं, "आमच्याकडेही पेटी आहे, तीही जरा चाळून देतेस का?" थट्टा होती की नव्हती, देव जाणे.

१९ सप्टेंबर, मंगळवार

आईला काल कळलं किती गेलं ते. मी सांगितलं. बुधवारचं, बहुधा दोनचंही सांगितलं. आता मी काही गाळत नाही.

तिने तोंड भिंतीकडे केलं आणि रडली. देवाची स्तुती वगैरे काही केली नाही. "माझा पाय," एवढंच म्हणत होती. मी पाठीवर हात ठेवला, तिने झटकला. पुन्हा ठेवला, तो राहू दिला.

दादा तासाभराने फोनवर म्हणाला की पेटीचं तू तेव्हाच मला सांगायला हवं होतंस. मी म्हटलं, "हो, हवं होतं." मग म्हणाला, येतोय. तिकीट काढलं.

२५ सप्टेंबर, सोमवार

कामावर परत. लाकडी पायावर मोजा चढवताना पुढच्या भागाकडे बघवेना. चष्मेवालीने माझ्या टेबलावरचे जोड आपल्याकडे ओढले आणि मला पेट्या बांधायला दिल्या.

जेवताना म्हणाली, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं का?"

"तुझा प्रश्न होता तो."

"तेच ते. का फेकली नाही पेटी?"

मी सांगायला लागले आणि सुट्टी संपल्याची घंटा झाली. उद्या सांग, म्हणाली. तिला खरंच ऐकायचंय असं दिसतंय.

९ ऑक्टोबर, सोमवार

१६८. जखम लाल, कडेने गुलाबी. हा रंग मी सर्जनबाईंना विचारून लिहिलाय.

दादा येऊन आठ दिवस झाले. त्याने पाय पाहिला, आणि त्या दिवसापासून हवेचा विषय काढलेला नाही. तो आईला वचन वाचून दाखवतो आणि प्रत्येक पट्टीनंतर मत देतो. आई मला खूण करते, याला आवर. मी नाही आवरत. भोगू दे तिलाही थोडं.

आज व्यायामाच्या बाई आल्या. आईला पहिल्यांदा उभं करायचं होतं. एका बाजूला दादा, एका बाजूला मी, पुढे चौपायी आधार. आई म्हणे दादाचा हात सैल, माझा फार घट्ट, चौपायी वाकडी, फरशी ओली, आणि तुम्ही सगळे एकदम श्वास घेऊ नका. सात मिनिटं नुसती तयारी. माझे नाकी नऊ आले.

"आई, उठणार आहेस की भाषण करणार आहेस?"

ती उठली. टाचेवर भार टाकला, ओठ पांढरे पडले, माझ्या दंडात नखं रुतली. दादा मोठ्याने मोजत होता. अकराला ती धपकन बसली आणि घामाघूम होऊन म्हणाली, "उद्या बारा."

मी एकदम सावध झाले. "बारा कुणी सांगितलं? वचन निघालं का तसं काही?"

"नाही गं बाई," आई म्हणाली. "बारा मी म्हणतेय. तो नुसता बरोबर असणार आहे. पडले तरी."